लेथवर चढण्याआधीचे लाकूड : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात घरच्या घरी चालवता येणाऱ्या छोट्या लेथविषयी, म्हणजे लाकूड फिरते ठेवून कातण्याच्या यंत्राविषयी लिहिले, तेव्हा हत्यारांविषयी विचारणा होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात आलेली बहुतेक पत्रे लाकडाविषयी आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक पत्रांत एकच प्रश्न आहे, तो म्हणजे कोणते लाकूड चांगले? लाटणी, रव्या, पाळण्याचे कातीव खूर आणि देव्हाऱ्याचे खांब करण्यात माझी तीसएक वर्षे गेली. त्या अनुभवावरून मी असे म्हणेन की, झाडाचे नाव हा नंतरचा प्रश्न आहे. लाकूड कधी तोडले, त्यात अजून पाणी किती आहे आणि हातातला तुकडा ओंडक्याच्या कोणत्या भागातून निघाला, हे तीन प्रश्न त्याआधीचे आहेत. पुढील उत्तरे वेगवेगळ्या पत्रांना असली, तरी ती फिरून फिरून याच तीन प्रश्नांपाशी येतात, याची वाचकांनी आधीच नोंद घ्यावी.

प्रश्न : निवृत्तीनंतर छंद म्हणून छोटा लेथ घेतला. वखारीत सागवान, शिवण, बाभूळ आणि आंबा असे चार प्रकार दाखवले. सागवान सर्वांत महाग, म्हणजे तेच उत्तम, असे समजून घेतले. परंतु पटाशीची धार दर दहा मिनिटांनी जाते आणि बारीक नक्षीच्या कडा तुटतात. माझे काय चुकते आहे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपला हात चुकत नसावा, निवड चुकली आहे. सागवानाची किंमत दारे, खिडक्या आणि जहाजे यांनी ठरवली आहे. त्यातील नैसर्गिक तेल, वाळवीला न जुमानण्याचा गुण आणि ऋतुमानाप्रमाणे फारसे न हलण्याचा स्वभाव यांसाठी लोक एवढे पैसे मोजतात. लेथवर मात्र या गुणांचा उपयोग मर्यादित आहे. सागवानाच्या लाकडात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात, म्हणजे पटाशी लाकडाबरोबर थोडी वाळूही कापत असते; त्यामुळे धार लवकर जाते. शिवाय ते ठिसूळ असल्याने बारीक गोल्याची, म्हणजे नक्षीतील गोल उंचवट्याची, कड झटकन उडते. त्याच्या भुशाने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते आणि घसा धरतो, हे वेगळेच. सागवान कातता येत नाही असे नाही, पाळण्याचे खूर आम्ही त्याचेच करत आलो. परंतु शिकणाऱ्याने त्यापासून सुरुवात करू नये.

आपल्याला दाखवलेल्या चार लाकडांत शिकण्यासाठी शिवण सर्वांत समजूतदार आहे. ते फिकट, हलके आणि मऊ असून सुकताना फारसे आकसत नाही. ढोलकीसारख्या वाद्यांसाठीही ते वापरतात. बाभूळ घट्ट आणि जड आहे. बैलगाडीचे भाग आणि औतांचे दांडे त्याचे करत, यावरून त्याचा कणखरपणा कळतो. मात्र ते ओले असताना कातावे, सुकल्यावर ते पटाशीशी भांडते. आंबा स्वस्त आणि मुबलक असतो, पण त्याला कीड व बुरशी फार लवकर लागते. वखारीत आंब्याची फळी घेताना तिच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढी भोके आणि खाली पिठासारखा बारीक भुसा दिसतो का, ते अवश्य पाहावे. दिसला तर ती फळी घरी नेऊ नये, कारण किडा फळीपुरता थांबत नाही आणि घरातील इतर लाकडापर्यंत पोहोचतो.

आता तुकडा कसा कापून घ्यायचा ते पाहू, कारण वखारवाला हे सहसा विचारत नाही. लाटणे, रवीचा दांडा, खुर्चीचा पाय असे लांबट काम असेल, तर लाकडाच्या रेषा लेथच्या अक्षाला समांतर हव्यात, आणि त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड गेल्या पाहिजेत. रेषा तिरप्या जाऊन मध्येच कडेला बाहेर पडत असतील, तर तेथेच लाटणे पुढे वाकेल किंवा मोडेल. म्हणूनच जुने कातारी असा तुकडा करवतीने कापण्याऐवजी कुऱ्हाडीने फोडून घेत. फोडताना लाकूड आपल्या रेषेनेच उलगडते, तेव्हा तिरप्या रेषेचा तुकडा हातात येतच नाही. वाडगा किंवा परडी असेल, तर उलट रेषा अक्षाला आडव्या ठेवतात, त्यामुळे एका फेऱ्यात पटाशी दोनदा रेषेच्या बाजूने आणि दोनदा रेषेच्या विरुद्ध जाते. वाडग्याच्या आत समोरासमोर दोन खरखरीत पट्टे राहतात, त्याचे कारण हेच आहे. ते सँडपेपरने जात नाहीत. धार लावून अगदी पातळ शेवटचा हात फिरवावा लागतो.

प्रश्न : वादळात आमच्या परसातील जुना फणस पडला. ओंडके करून पडवीबाहेर ठेवले. आठ दिवसांत त्यांच्या तोंडांवर बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. लाकूड फुकट गेले का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : फुकट गेले नाही, मात्र पहिल्या दिवशीचे काम आठव्या दिवसावर ढकलले गेले आणि तेवढ्याचा दंड लाकडाने वसूल केला.

आधी भेगा का पडतात ते समजून घ्यावे, म्हणजे पुढील उपाय पाठ करावे लागत नाहीत. ताज्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते : पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. पोकळीतले पाणी निघून जाताना लाकूड फक्त हलके होते, त्याचे माप बदलत नाही. पाणी सुमारे २८ ते ३० टक्क्यांवर आले, की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि भिंती सुकू लागतात. येथून पुढे लाकूड आकसते. ते सर्व दिशांना सारखे आकसत नाही. लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच, त्रिज्येच्या दिशेने थोडे आणि वार्षिक वलयांच्या दिशेने त्याच्या साधारण दुप्पट. सागवानासारख्या शांत लाकडातही ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत त्रिज्येच्या दिशेने सुमारे अडीच टक्के आणि वलयाच्या दिशेने साडेपाच ते सहा टक्के आकसणे होते.

ज्यांनी बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना पाहिली आहे, त्यांना यापुढचे लगेच कळेल. लोहार लोखंडी धाव लाल करून चाकावर बसवतो आणि वर पाणी ओततो; धाव आकसते आणि चाकाला घट्ट आवळते. ओंडक्यातले प्रत्येक वलय अशीच एक धाव आहे, पण आतले लाकूड तेवढ्या प्रमाणात मागे सरत नाही. आवळणाऱ्या धावेला आत जागाच मिळाली नाही, तर धाव तुटते. तोंडावर सालीपासून मध्यबिंदूपर्यंत गेलेली ती पाचरीसारखी भेग म्हणजे तुटलेली धाव. त्यातच ओंडक्याच्या कापलेल्या तोंडातून पाणी बाजूच्या सालीपेक्षा कितीतरी पट वेगाने बाहेर पडते, म्हणून सुरुवात नेहमी तोंडाकडूनच होते.

आता आपल्या फणसाकडे वळू. तोंडाकडून चार-चार बोटे कापत मागे यावे आणि प्रत्येक वेळी तोंडाची एक पातळ चकती, साधारण जाड पापडाएवढी, कापून घ्यावी. ती दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवावी. डोळ्यांना न दिसणारी बारीक भेग असेल, तर चकती तेथेच उघडते आणि मध्ये केसासारखी काळी रेघ दिसते. जेथे चकती सर्व बाजूंना सारखी वाकते आणि कोठेही उघडत नाही, तेथून पुढचे लाकूड शाबूत समजावे. जुन्या फणसाच्या ओंडक्यात हे ठिकाण तोंडापासून वीतभर आतही असू शकते. तेवढे लाकूड गेले म्हणून हळहळू नये.

त्यानंतर लगेच ओंडका लांबीच्या दिशेने मधोमध चिरून घ्यावा. मधला बिंदू, म्हणजे झाडाच्या रोपटेपणीचे भेंड, ज्या तुकड्यात राहील तो तुकडा बहुधा तडकणारच, म्हणून दोन अर्ध्या भागांच्या मधून दीड-दोन इंचांची पट्टी काढून टाकली तर उत्तम. दोन्ही अर्धे मोकळे झाले की धावेचे वर्तुळ तुटते आणि वलयांना आकसायला जागा मिळते. उरलेल्या तोंडांवर वितळवलेले मेण जाड लावावे. मेण नसेल तर जुना ऑइल पेंट किंवा सुतारी पांढरा गोंद यांचे दोन हात चालतात. आमच्याकडे तोंडांना शेणाचा लेप देणारे सुतारही होते आणि त्यांचा हेतू हाच होता. फणसाची साल मात्र काढून टाकावी. सालीखाली चीक आणि ओल राहते व पावसाळ्यात किड्यांची तेथे वसाहत होते. लाकूड जमिनीपासून वीतभर उंच, सावलीत, वारा खेळेल असे रचावे. दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवाव्यात. उन्हात ‘लवकर सुकेल’ म्हणून ठेवू नये, आणि ‘हळू सुकावे’ म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीतही कोंडू नये. कोकणातल्या दमट हवेत पिशवीतील लाकूड पंधरवड्यात निळे-काळे पडते.

वाडगे करायचे असतील, तर पूर्ण सुकण्याची वाट पाहण्याचे कारणच नाही. ओल्या फणसावर पटाशी लोण्यासारखी चालते आणि लांबच लांब पिवळे काप पायाशी पडतात. वाडग्याचा कच्चा आकार ओल्यातच कातून घ्यावा, मात्र भिंत व्यासाच्या सुमारे एक दशांश जाड ठेवावी, म्हणजे आठ इंचांच्या वाडग्याला पाऊण इंचापेक्षा थोडी जास्त. सुकताना हा वाडगा लंबगोल होईल. जाडी ठेवली आहे ती याचसाठी, की दुसऱ्यांदा कातताना त्यातूनच पूर्ण गोल निघावा. चकमध्ये, म्हणजे लेथच्या जबड्यात, पकडण्याचा खूरही लंबगोल होतो, म्हणून तोही मोठा ठेवावा आणि दुसऱ्या वेळी आधी तोच गोल करून घ्यावा. कच्चा वाडगा वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेवावा आणि सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी कागद बदलावे. कोरड्या प्रदेशात लोक वाडगा त्याच्याच भुशात पुरून ठेवतात. आपल्याकडे जून-जुलैत तसे केले तर भुशासकट वाडग्याला बुरशी धरेल.

एक आनंदाची गोष्ट राहिली. ताज्या फणसाचा हळदीसारखा पिवळा रंग पाहून हरखून जाऊ नये, तो टिकत नाही. उजेडाने तो वर्षभरात मधासारखा आणि पुढे तपकिरी होतो. माझ्या मते तो नंतरचा रंगच अधिक देखणा आहे.

प्रश्न : लाकूड सुकले हे ओळखायचे कसे? वखारवाला ‘दोन वर्षांचे आहे’ म्हणतो. ओलावा मोजण्याचे यंत्र घ्यावे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : वखारवाल्याचे दोन वर्षांचे आश्वासन खरे असले, तरी त्याला फारसा अर्थ नाही. ते लाकूड फळ्यांच्या रूपात वाऱ्यावर होते, की अख्खा ओंडका म्हणून पावसात पडून होता, यावर सर्व अवलंबून आहे. सुरुवातीच्या काळात मी अशाच आश्वासनावर चाळीस लाटण्यांची मागणी घेतली होती. दिवाळीआधी लाटणी दिली. संक्रांतीपर्यंत निम्मी परत आली. हाताला गोल वाटणारे लाटणे पोळीवर थडथड उडत होते. टोकाशी जाडी मोजण्याचा कॅलिपर लावला तेव्हा एका दिशेने ते दुसऱ्या दिशेपेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर कमी भरले, पण पोळी लाटणाऱ्या हाताला तेवढे पुरते. तेव्हापासून मी तारीख विचारतो, पण विश्वास वजनकाट्यावर ठेवतो.

स्वयंपाकघरातील डिजिटल काटा यासाठी पुरेसा आहे. कच्च्या वाडग्याच्या तळाशी पेन्सिलीने वजन आणि तारीख लिहावी, आठवड्याने पुन्हा मोजून खाली लिहावे. माझ्यापुढे आत्ता आंब्याचा एक वाडगा आहे, त्याच्या तळावर असे आकडे आहेत : १२४०, १०८५, ९९०, ९३५, ९०२, ८८४, ८७६, ८७३, ८७३. सुरुवातीच्या आठवड्यात दीडशे ग्रॅमहून अधिक पाणी गेले, शेवटच्या आठवड्यात काहीच नाही. आकडा दोन-तीन वेळा तोच आला, की लाकूड त्या खोलीच्या हवेशी जुळले आहे असे समजावे. ओलावा किती टक्के, हे त्यासाठी ठाऊक असण्याचीही गरज नसते.

टक्केवारी हवीच असेल, तर तुकड्याच्या मधून, टोकापासून नव्हे, एक चकती कापून तिचे वजन करावे आणि ती सुमारे १०३ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवावी. शंभर ग्रॅमची चकती ऐंशी ग्रॅम भरली, तर ओलावा २० नव्हे, २५ टक्के. कारण या धंद्यात पाण्याचा भाग कोरड्या वजनाशी मोजतात. यंत्राविषयी म्हणाल तर दोन टाचण्यांचे साधे यंत्र वरच्या काही मिलिमीटरपुरते खरे बोलते. तीन इंच जाडीचा ठोकळा वरून १२ टक्के दाखवून आत २५ टक्के असू शकतो. म्हणून ठोकळा मधून कापून ताज्या तोंडावर टाचण्या टोचाव्यात, एरवी त्या आकड्यावर विसंबू नये.

आपण नागपूरचे आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहितो. ‘सुकलेले’ ही कायमची अवस्था नव्हे. हवेतील आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकूड साधारण १२ टक्क्यांवर स्थिरावते; कोकणातील जुलैच्या हवेत ते २० टक्क्यांकडे सरकते, तर विदर्भातील मे महिन्यात ५-६ टक्क्यांपर्यंत उतरू शकते. रत्नागिरीहून आणलेले ‘पूर्ण सुकलेले’ लाकूड आपल्याकडे आल्यावर पुन्हा सुकणार आहे. महिनाभर तरी ते आपल्याच खोलीत राहू द्यावे आणि मगच लेथवर चढवावे.

प्रश्न : मुलीसाठी लाखकामाची खेळणी, खुळखुळा आणि भातुकली, घरी करून पाहायची आहे. सावंतवाडीत कोणते लाकूड वापरतात आणि चन्नपट्टणला कोणते? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरील चन्नपट्टण आणि आंध्र प्रदेशातील एटिकोप्पाका या दोन्ही ठिकाणी परंपरेने एकच झाड वापरले जाते. कन्नडमध्ये त्याला ‘आले’ आणि तेलुगूमध्ये ‘अंकुडु’ म्हणतात. आपल्याकडे तेच झाड काळा कुडा या नावाने ओळखले जाते आणि सह्याद्रीच्या उतारांवर ते आढळते. पांढऱ्या कुड्याशी त्याची गल्लत करू नये. औषधासाठी ज्याची साल प्रसिद्ध आहे, तो पांढरा कुडा.

काळ्या कुड्याचे लाकूड जवळजवळ हस्तिदंतासारखे फिकट, अतिशय बारीक आणि सारख्या पोताचे असते. लाखकामाला नेमके हेच लागते, कारण लाख येथे ब्रशने लावत नाहीत. लेथवर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पातळ थराने पसरते आणि नंतर केवड्याच्या जातीच्या पानाची पात दाबून तिला झिलई देतात. लाकडाची छिद्रे मोठी असतील, जशी सागवानाची असतात, तर लाखेखाली खड्डे उमटतात. लाकूड गडद असेल तर पिवळा-नारिंगी रंग मळकट दिसतो. आणि लाकूड ओले असेल तर उष्णतेने आतली वाफ बाहेर येते, लाख धुरकटते व काही दिवसांनी पापुद्र्यासारखी सुटते. घरी केलेल्या लाखकामाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ रंगात नसते, याच ओलाव्यात असते.

सावंतवाडीच्या कामात आंबा आणि पांगारा ही नावे नेहमी ऐकू येतात. तेथील चितारआळीत दिसणारी रंगीत लाकडी फळे उचलून पाहिलीत, तर ती हाताला आश्चर्य वाटेल इतकी हलकी लागतात. पांगारा असाच आहे. पण तो इतका मऊ असतो, की लेथवर बोथट पटाशीने कातला जाण्याऐवजी कापसासारखा ओरबाडला जातो. त्याला रंधा, कानस आणि रंगाचा जाड हात मानवतो. आपल्याला काळा कुडा मिळाला नाही, तर शिवण किंवा हेदू घ्यावा. हेदूला काही जण हळदू म्हणतात. त्याचा पोत बारीक असतो आणि पिवळसर रंगामुळे लाल-पिवळी लाख त्यावर चांगली उठते. खुळखुळ्याच्या भिंती पातळ असतात, तेव्हा गाठ नसलेला तुकडाच निवडावा. गाठीच्या जागी भिंत फुटते, आणि ती लेथवर न फुटता बाळाच्या तोंडात फुटू शकते.

प्रश्न : शेतात बाभळीच्या फांद्या आहेत. भोवऱ्यासाठी चालतील का? (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : उत्तम चालतील. मनगटाएवढी फांदी अख्खी घेऊ नये, त्याहून जाड फांदी उभी चिरून तिच्या बाजूचा तुकडा घ्यावा. भेंडाचा बिंदू नेमका भोवऱ्याच्या आरीच्या, म्हणजे टोकाच्या खिळ्याच्या, जागी आला, तर खिळा ठोकताना भोवऱ्याचे दोन तुकडे होतात. आरीसाठी आधी बारीक भोक पाडावे.

प्रश्न : ताटे-वाडगे यांसाठी कोणती लाकडे टाळावीत? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कण्हेर, मग ती लाल असो वा पिवळी, कोणत्याही वस्तूसाठी लेथवर चढवू नये, झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे. बिब्ब्याच्या लाकडालाही हात लावू नये. काजू आणि आंबा त्याच कुळातील आहेत. ज्यांना त्यांच्या चिकाची ॲलर्जी आहे, त्यांनी ओले लाकूड कातताना जपावे, सुकलेल्या आणि तेल दिलेल्या आंब्याच्या वाडग्याने सहसा त्रास होत नाही. कडुनिंब विषारी नाही, परंतु त्याचा कडवट वास पदार्थाला लागतो. आणि लाकूड कोणतेही असो, त्याचा बारीक भुसा श्वासात जाऊ देऊ नये. कठीण लाकडांचा भुसा हा कर्करोगकारक पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय यादीत पहिल्या गटात आहे. साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लावावा, आणि ओला किंवा भेगाळलेला तुकडा लेथवर असताना चेहऱ्यावर पूर्ण ढाल असावी.

प्रश्न : सोसायटीतील जांभळाच्या फांद्या छाटायच्या आहेत, त्या मी घेऊ शकतो का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : छाटणीची परवानगी आधी, लाकूड नंतर. शहरी भागात १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम लागू होतो आणि परवानगी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडून घ्यावी लागते. ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा असून त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, जांभूळ यांसारखी झाडे आहेत. परवानगीने छाटलेल्या फांद्या मिळाल्या, तर मात्र उशीर करू नये. जांभूळ सुकताना फार तडकते आणि त्याच्या रेषा उलटसुलट गुंफलेल्या असतात. त्याच दिवशी तोंडांना मेण लावावे.

प्रश्न : येथे ओहायोत सागवान किंवा शिवण मिळत नाही, हार्ड मेपल मुबलक मिळते. लाटणे उत्तम झाले. मग त्याच फांदीतून हळद-कुंकवाची डबी केली. उन्हाळ्यात झाकण घट्ट बसत होते, हिवाळ्यात काही वेळा अडकते आणि काही वेळा सैल पडते. मेपल डबीसाठी वाईट आहे का? (एक वाचक, अमेरिका)

उत्तर : मेपल बारीक पोताचे, घट्ट आणि गंधहीन असून स्वयंपाकघरासाठी त्याहून चांगले लाकूड मिळणे कठीण आहे. दोष हिवाळ्यातील तापवलेल्या घराचा आहे. बाहेर बर्फ असताना आत हीटर चालू राहिला, की हवा आपल्या विदर्भातील मे महिन्याएवढी कोरडी होते. डबी आणि झाकण दोन्ही आकसतात आणि दोन्ही थोडी लंबगोल होतात. आपण दोन्ही एकाच तुकड्यातून, रेषा अक्षाला समांतर ठेवून केली असतील, तर दोन्हींचे लंबगोल एकाच दिशेने होणार. झाकण एका विशिष्ट स्थितीत ठेवले, की लंबगोलावर लंबगोल बसतो आणि ते पूर्वीसारखे चालते; पाव फेरा फिरवले, की रुंद बाजू अरुंद बाजूवर येते आणि ते अडकते. ‘काही वेळा’ या आपल्या शब्दांचे रहस्य एवढेच आहे.

पुढच्या डबीसाठी भेंडाच्या बिंदूपासून दूरचा तुकडा घ्यावा. डबी आणि झाकण आतून पोखरून, भिंती हव्या त्यापेक्षा दुप्पट जाड ठेवून, दोन-तीन आठवडे घरातच विसावू द्यावीत. पोखरताच लाकडातला जुना ताण सुटतो आणि ते जे हलायचे ते याच काळात हलते. त्यानंतर शेवटचा हात फिरवून झाकण बसवावे, तेही थोडे सैल. कारण हिवाळ्यात घट्ट बसवलेले झाकण ऑगस्टच्या दमट दिवसांत फुगून डबीला भेग पाडू शकते. शेवटी झाकण फिरवून दोन्हींच्या रेषा एका सरळ ओळीत आणाव्यात आणि तेथे पेन्सिलीने बारीक खूण करावी. ती खूण आतल्या कडेवर करावी. बाहेर केली तर मेणाच्या पॉलिशखाली ती कायमची राहते. माझ्या घरातील देवाच्या डबीवर अशी एक खूण वीस वर्षे आहे.